आण्णांची गुठळी आतच राहिली का?

जत तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र थोडक्यात देते.

“डॉक्टरबाई, नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वय ६३. घरची डाळिंबाची बाग आहे. महिन्यापूर्वी पहाटे साडेतीनला त्यांच्या छातीत जळजळायला लागलं, घाम फुटला. रात्री ठेचा जरा जास्त खाल्ला होता, म्हणून मी ओवा आणि सोडा दिला. बरं वाटतंय म्हणाले आणि पडून राहिले. साडेपाचला उलटी झाली, हातपाय गार पडले. तेव्हा शेजाऱ्यांची गाडी काढून जतला नेलं. तिथं पट्टी (ईसीजी) काढली, मोठा अटॅक आहे म्हणाले आणि गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं. मग १०८ नं मिरजेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओग्राफी करून एक स्टेंट घातला. सगळं महात्मा फुले योजनेतून झालं. आता पंपिंग ४० टक्के आहे म्हणतात.

गेल्या आठवड्यात आमच्या पुण्याच्या पाहुण्यांना अटॅक आला. त्यांची गुठळी नळीनं ओढून बाहेर काढली. कापसावर ठेवलेल्या त्या लाल तुकड्याचा फोटो ग्रुपवर आला. तेव्हापासून भाऊजींचं एकच चाललंय, ‘आपल्या आण्णाची गुठळी आतच ठिवली. योजनेतला पेशंट म्हणून नळी वापरली न्हाई.’ पुण्याला नेऊन ती काढून घ्यायची म्हणतात. त्यात आण्णांच्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्यांनी रक्त पातळ करायची एक गोळी चार दिवस बंद केलीय. आणि शेवटचं म्हणजे, घरात कुणी बोलून दाखवत नाही, पण ओवा-सोड्यात दोन तास मी घालवले, हे माझ्या मनातून जात नाही.”

ताई, पत्राखाली तुम्ही नंबर दिला होता, म्हणून वाचलं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही लगेच मिरजेच्या डॉक्टरांशी बोललात आणि संध्याकाळी ती गोळी सुरू झाली. ते झालं नसतं तर बाकीचं उत्तर लिहायला माझा हात चालला नसता. पण गोळीचं इथं पुन्हा लिहिते, कारण ही चूक फक्त तुमच्या घरात होते असं नाही.

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्ताला ती परकी वाटते. तिच्यावर वाहिनीच्या आतलं अस्तर चढायला काही महिने जातात. तोवर प्लेटलेट पेशी (डेंग्यूमुळे हे नाव आता घरोघरी माहीत आहे) त्या जाळीला चिकटायला टपलेल्या असतात. त्यांना आवरून धरायला दोन गोळ्या लागतात. आण्णांच्या बाबतीत त्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. अटॅकनंतर ही जोडी साधारण वर्षभर चालते. त्यातली एक पहिल्याच महिन्यात आपल्या मनानं सोडली, तर स्टेंटमध्ये नवी गुठळी होऊन तीच वाहिनी पुन्हा एका क्षणात बंद पडू शकते. हिरड्यांतून थोडं रक्त येणं, खरचटल्यावर जास्त वेळ वाहणं, अंगावर निळसर डाग उठणं, हे या गोळ्यांसोबत येतंच. मऊ ब्रश घ्या, मिश्री-राखुंडीनं हिरड्या घासणं बंद करा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. डांबरासारखी काळी शौचास झाली, उलटीतून रक्त पडलं किंवा डोकं एकाएकी प्रचंड दुखू लागलं, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा. तेव्हासुद्धा गोळी बंद करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

आता भाऊजींचा प्रश्न. त्यांचा राग मला समजतो. फोटोत गुठळी डोळ्यांना दिसते, ती बाहेर आलेली असते. आपल्या माणसाची मात्र कुणी दाखवली नाही. मग मनात येणारच की, आत राहिली.

खरं सांगू? मीही तसंच मानत होते. मिरजेत कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथं अँजिओग्राफी करतात आणि स्टेंट घालतात त्या खोलीत, काम करायचे तेव्हा साधारण २००९ पासून पुढची काही वर्षं अटॅक आलेल्या बहुतेक पेशंटची गुठळी मी नळीनं ओढत असे. मनगटातून किंवा जांघेतून तार हृदयाच्या वाहिनीत न्यायची, त्या तारेवरून टोकाला भोक असलेली बारीक नळी गुठळीपर्यंत सरकवायची आणि बाहेरच्या टोकाला सिरिंज लावून ओढायचं. सिरिंजमधलं रक्त जाळीवर गाळलं की त्यात लाल, कधी पांढुरके तुकडे दिसायचे. ते नातेवाइकांना दाखवताना मला मनापासून समाधान वाटे. दुखण्याचं मूळच उपटून आणलं, अशी ती भावना होती.

त्या विश्वासाला आधार होता. अटॅकमध्ये वाहिनी गुठळीनंच बंद होते, हे १९८० साली अमेरिकेत डॉ. डिवूड यांनी दाखवून दिलं. अटॅक सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत त्यांनी अँजिओग्राफी केली, तर १०० पैकी ८७ जणांची वाहिनी पूर्ण बंद आढळली. त्याआधी गुठळी हे कारण की परिणाम, यावर डॉक्टर मंडळींत वाद चालायचा. पुढे २००८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात १,०७१ पेशंटवर टापास नावाचा अभ्यास झाला. ज्यांची गुठळी ओढली त्यांच्या हृदयाच्या स्नायूला रक्त जास्त चांगलं पोचलं, आणि वर्षभरानंतर मृत्यूही कमी दिसले, १०० मागे ७.६ ऐवजी ४.७. हे वाचल्यावर जगभरच्या कॅथलॅबमध्ये ती नळी रोजची झाली. आमच्याकडेही.

मग मोठे अभ्यास आले. २०१३ साली स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड मिळून ७,२४४ पेशंट. तीस दिवसांतले मृत्यू गुठळी ओढलेल्यांत १०० मागे २.८ आणि न ओढलेल्यांत ३. म्हणजे फरक नाहीच. २०१५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉ. संजित जॉली यांच्या नेतृत्वाखाली टोटल हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २० देशांतले १०,७३२ पेशंट होते. मृत्यू, पुन्हा अटॅक, गंभीर हार्ट फेल्युअर असं सगळं एकत्र धरलं, तर सहा महिन्यांत एका गटात ६.९ टक्के आणि दुसऱ्यात ७ टक्के. इथवर ठीक होतं. पण ज्यांची गुठळी ओढली त्यांच्यात महिन्याभरात पक्षाघाताचं प्रमाण ०.७ टक्के निघालं आणि न ओढलेल्यांत ०.३. हजारात सात आणि हजारात तीन. आकडे लहान आहेत, पण ज्या घरात तो पक्षाघात होतो त्यांना ते लहान नसतात.

असं का होत असावं? ओढलेली गुठळी नळीतून मागं येताना तिचा एखादा तुकडा महाधमनीच्या तोंडाशी निसटतो आणि रक्ताच्या धारेबरोबर मेंदूकडं जातो, ही एक शक्यता. आणि फायदा का दिसत नाही, ते भाऊजींना ठिबकवरून सांगा. ठिबकची नळी चोकअप झाली की आपण शेवटचं टोक उघडून पाणी सोडतो, कचरा बाहेर पडतो. हृदयाच्या वाहिनीला असं उघडायचं टोक नाही. ती पुढं केसाहून बारीक फांद्यांत विभागत जाते आणि स्नायूत संपते. नळी पुढं सरकवतानाच गुठळीचा थोडा चुरा त्या फांद्यांत शिरतो. मोठा तुकडा वर आला, तरी खाली गेलेला चुरा कुणाला ओढता येत नाही. शिवाय रक्तावाचून जो स्नायू आधीच मेलाय, तो गुठळी निघाली म्हणून परत जिवंत होत नाही.

२०१५ नंतर अमेरिकेच्या आणि मग युरोपच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं गेलं की अटॅकच्या प्रत्येक पेशंटची गुठळी सरसकट ओढू नये. मीही थांबले. सवय मोडायला मला काही महिने लागले. हात आपोआप त्या नळीच्या पाकिटाकडं जायचा.

म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. वाहिनी मोठी आहे, तिच्यात गुठळीचा ढीग आहे, अरुंद जागा रुंद करायचा फुगा फुगवूनही रक्त पुढं जात नाही, अशा वेळी आजही ती नळी वापरतात, आणि वापरावी. तुमच्या पाहुण्यांचं तसं असेल. तो निर्णय टेबलावर, पडद्याकडं पाहत, त्या मिनिटाला होतो. बाहेर बाकावर बसलेल्यांना तो दिसत नाही, आणि आम्ही डॉक्टर तो नीट समजावून सांगत नाही. यात दोष आमचाच आहे.

आता आण्णांचं. तुम्ही डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवलात, तो मी दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशीच्या अँजिओग्राफीत वाहिनी उघडलेली होती. आत ९० टक्के अरुंद जागा आणि किंचित गुठळी उरली होती. स्टेंटनंतर ‘टिमी थ्री फ्लो’ असं लिहिलंय. हे तीन शब्द भाऊजींना दाखवा. वाहिनीतून रक्त किती वाहतंय याचे शून्य ते तीन असे दर्जे आहेत. शून्य म्हणजे पूर्ण बंद, तीन म्हणजे पूर्ववत धार. आण्णांना तीन मिळालेत.

ताई, आण्णांची गुठळी निघालीय. ती मिरजेत नळीनं निघाली नाही, जतमध्ये इंजेक्शननं विरघळली. फोटो काढण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच. आता महिन्यानंतर पुण्याला नेऊन ओढून घ्यायला आत काही नाही, आणि असा प्रयत्न कुठलाही शहाणा हृदयरोगतज्ज्ञ करणार नाही.

त्या जतच्या इंजेक्शनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याची किंमत आपल्या भागात कमी लेखली जाते. ‘नुसतं इंजेक्शन देऊन पुढं पाठवलं’ असं लोक म्हणतात. नियम असा आहे: पट्टीवर अटॅक दिसल्यापासून दोन तासांच्या आत फुगा घालून वाहिनी उघडता येत असेल तर थेट कॅथलॅब गाठायची. तेवढ्या वेळात जमणार नसेल तर आहे तिथंच गुठळी विरघळायचं औषध द्यायचं आणि मग पुढं न्यायचं. जतहून मिरज म्हणजे गाडी मिळून, दाखल होऊन, टेबलावर जाईपर्यंत दोन तास सहज उलटतात. जतच्या डॉक्टरांनी वाट पाहिली नाही, हे त्यांनी फार चांगलं केलं. त्याआधी त्यांनी विचारलंही असेल की पूर्वी पक्षाघात झालाय का, अलीकडं ऑपरेशन झालंय का, डोक्याला मार लागलाय का. कारण या औषधानं मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. आणि इंजेक्शन लागू पडलं असेल तर अँजिओग्राफी पहिल्या चोवीस तासांत, पण लगेच पहिल्या दोन-तीन तासांत नाही, असंच करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी केली, म्हणजे दिरंगाई झाली नाही. वेळ बरोबर होती.

तिथं आण्णांना आणखी एक गोष्ट दिली असणार, जिची कुणी आठवणही काढत नाही. चावून खायची ॲस्पिरिन. १९८८ साली आयसिस-२ नावाच्या अभ्यासात १७,१८७ पेशंट होते. रोज एक ॲस्पिरिन महिनाभर दिल्यानं मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शानं घटले. गुठळी विरघळायच्या औषधानंही साधारण तेवढेच घटले, आणि दोन्ही मिळून दिल्यावर ४२ टक्क्यांनी. काही पैशांची गोळी आणि महागडं इंजेक्शन तराजूत सारखं उतरलं. मी विद्यार्थिदशेत हे वाचलं तेव्हा विश्वास बसेना म्हणून पान पुन्हा उलटून पाहिलं होतं.

‘योजनेतला पेशंट’ ही शंका मनात राहू नये. ती नळी कॅथलॅबच्या कपाटात ठेवलेली साधी वस्तू आहे, दुर्मीळ यंत्र नव्हे. आण्णांना ती लागली नाही. तरी भाऊजींचं समाधान होत नसेल, तर त्यांनी भांडायला न जाता लेखी अर्ज द्यावा आणि अँजिओग्राफीची सीडी व सगळे कागद मागावेत. पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. ती सीडी घेऊन पुण्यात हव्या त्या तज्ज्ञाला दाखवा. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. फक्त तोवर आण्णांच्या गोळ्यांना कुणी हात लावायचा नाही.

पंपिंग म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. तो ४० आहे, पण तोही शेवटचा धरू नका. अटॅकनंतर हृदयाचा काही स्नायू मेलेला असतो आणि काही नुसता बधिर झालेला. बधिर झालेला भाग वाहिनी उघडल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा हलू लागतो. म्हणून सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यान पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. तोवर बीटा ब्लॉकर (हृदयावरचा ताण कमी करणारी गोळी) आणि बाकीच्या गोळ्या वेळेवर द्या, मीठ बेतानं वापरा, सपाटीवर रोज चालणं हळूहळू वाढवा. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही. आणि तंबाखू. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही गप्प झालात, त्यावरून समजले. चुन्याची डबी घरातून बाहेर गेली पाहिजे. यात तडजोड नाही.

आता ओवा आणि सोडा.

तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. ते दोन तास मोलाचे होते. वाहिनी बंद पडल्यापासून पहिल्या दोन तासांत उघडली तर सगळ्यांत जास्त स्नायू वाचतो, पुढं प्रत्येक तासाला कमी कमी. बारा तासांनंतर इंजेक्शनाचा उपयोग जवळजवळ उरत नाही. पंपिंग ५० ऐवजी ४० का झालं, याच्या उत्तरात ते दोन तास येतात.

पण तुम्ही जे केलंत ते मी स्वतः केलंय. १९९४ साली मी इंटर्न होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून शेजाऱ्यांनी एसटीडी बूथवरून फोन केला की तुझ्या वडिलांच्या छातीत जळजळतंय. मी पित्ताचं पातळ औषध द्यायला सांगितलं आणि झोपायला गेले. वर्षभर मी वॉर्डात अटॅकचे पेशंट पाहत होते. तरीही स्वतःच्या बापाच्या बाबतीत मनाला पित्तच हवं होतं. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला नेईपर्यंत हृदयाचा पुढचा भाग निकामी झाला होता. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले, पण दारं धरायला शेतात परत गेले नाहीत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मीच लावत राहिले, आणि त्या बोलाचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

जळजळ, घाम, मळमळ. पित्ताची लक्षणं हीच आणि अटॅकचीही हीच. बाहेरून फरक कळत नाही. कळतो तो पट्टीवर, आणि पट्टी काढायला पाच-दहा मिनिटं लागतात. तुमचं चुकलं ते एवढंच की ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नव्हती. साडेपाचला शेजाऱ्यांचं दार वाजवलंत तुम्हीच ना? घरात बाकी कुणी उठलं नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. ते दार सात वाजता वाजलं असतं तर आज हे पत्र वेगळं असतं.

पुन्हा कधी आण्णांना किंवा घरात कुणालाही छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण आलं, सोबत घाम आला, तर आधी १०८ ला फोन लावा. माणसाला बसवा, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, मोटारसायकलवर तर मुळीच नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठं रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट आपल्याकडं घराघरांत असते आणि शेजारी लगेच आणून देतात. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. बीपी आधीच उतरलेलं असेल तर तिनं माणूस जागीच कोसळू शकतो. आणि पहिला मुक्काम जतच ठेवा, थेट मिरजेला धावू नका. पट्टी आणि इंजेक्शन दोन्ही जतमध्ये आहेत.

एक काम भाऊजींवर सोपवा. जतमध्ये काढलेली पहिली पट्टी आणि डिस्चार्जच्या दिवशीची पट्टी, दोन्हींची झेरॉक्स काढून आण्णांच्या पिशवीत ठेवायची आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. त्या पट्टीची शाई काही वर्षांत पुसट होते. पुढं कधी छातीत दुखलं, तर नव्या पट्टीशी ताडून पाहायला डॉक्टरांना ती लागते. भाऊजींना आण्णांसाठी काहीतरी करायचंय, म्हणूनच ते पुण्याचं काढतायत. दर महिन्याला गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणून ठेवायचं कामही त्यांनाच द्या.

इकोची तारीख कार्डावर लिहिलीय, ती चुकवू नका. रिपोर्ट आला की पंपिंगचा आकडा मला फोन करून सांगा.